वावरातून सॉफ्टवेअर कंपनीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा, दिग्रस, पुसद, मानोरा, रिसोड या पट्ट्यातली मुलं आणि त्यांचे आईवडील सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीबद्दल मला जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथं एका जागी ठेवले आहेत. मी कापूस-सोयाबीनच्या घरातून आलो आणि पुण्यात हीच नोकरी करतो. नोकरी चांगली आहे, असं माझं ठाम मत आहे. पण तिचा पगार, तिचे तास आणि तिचे कागद यांबद्दल गावात जे सांगितलं जातं ते बरंचसं अर्धवट असतं, आणि त्या अर्धवट माहितीवर घरं कर्ज काढतात. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत.

१. सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर नेमकं काय करतात? घरचे विचारून राहिले, मला सांगता येत नाही.

पुण्या-नागपुरातल्या मोठ्या कंपन्या बहुतेक सेवा देणाऱ्या आहेत. अमेरिकेतली बँक किंवा युरोपातली विमा कंपनी यांचं सॉफ्टवेअर त्या लिहितात, दुरुस्त करतात आणि चोवीस तास चालू ठेवतात. पहिल्या वर्षी नवीन काही बनवायला क्वचितच मिळतं. दुसऱ्या कोणी काही वर्षांपूर्वी लिहिलेला कोड, म्हणजे मशीनसाठीच्या सूचना, वाचायचा, त्यातली चूक शोधायची, आणि ती काढताना बाकीचं बिघडलं नाही ना हे तपासायचं, असा बहुतेक दिवस जातो. टेस्टिंग आणि सपोर्ट ही कामंही त्यातलीच. त्यांना कमी समजू नका, अनेकांची सुरुवात तिथूनच होते. घरी एवढं सांगा की बँकेचे पैसे ज्या प्रोग्रामवर इकडून तिकडे जातात, तो बंद पडू नये म्हणून आम्ही बसतो.

२. आमच्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत. तरी चान्स आहे काय?

आहे. शेगाव, बडनेरा, सेवाग्राम, यवतमाळ इथल्या अभियांत्रिकी कॉलेजांत कॅम्पस होतात, म्हणजे कंपन्या कॉलेजात येऊन निवड करतात, पण तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांनाही ऑफ कॅम्पस, म्हणजे कॉलेजबाहेरून थेट कंपनीच्या, परीक्षा देता येतात. टीसीएसची एनक्यूटी ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली. बी.एस्सी. आणि बीसीएवाल्यांसाठी विप्रोचा विल्प आणि टीसीएसचा स्मार्ट हायरिंग असे वेगळे मार्ग आहेत, आणि बारावीनंतर थेट एचसीएलचा टेकबी आहे. महाज्योती आणि बार्टी या सरकारी संस्थांकडून आपापल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी मोफत प्रशिक्षणं निघतात. त्यांच्या जाहिराती नियमित बघत जा.

अडतं ते गुणांच्या अटीवर. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के मागतात आणि एकही विषय राहिलेला चालत नाही. बारावीला ५८ टक्के असलेल्या हुशार मुलाला इथंच दार बंद होतं. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. त्यावर एक वाट आहे. छोट्या कंपनीत दोन वर्षं काम करा. अनुभव आला की बहुतेक ठिकाणी बारावीचे टक्के मागे पडतात.

३. इंग्रजी कच्चं आहे. मुलाखतीत अडकते.

व्याकरण चुकलं तर फारसं कोणी बघत नाही. आपण केलेला प्रोजेक्ट पाच मिनिटं सलग सांगता येतो की नाही, हे बघतात. तेच रोज मोठ्यानं बोलून बघा, मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐका. हजार रुपयांच्या क्लासपेक्षा याचा उपयोग होतो. आणि वऱ्हाडी हेल लपवायच्या भानगडीत पडू नका. तामिळ आणि बंगाली लोक आपापल्या हेलातच बोलतात आणि पुढे जातात.

४. साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला हातात किती?

साडेतीन लाखांना बारानं भागून २९ हजार सांगणारे काका प्रत्येक गावात आहेत. तो आकडा हातात कधीच येत नाही. पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), विम्याचा हप्ता आणि कामगिरीवरचा बदलता पगार हे सगळं मोजलेलं असतं.

एक उदाहरण घ्या. महिन्याचे २९,१६६. मूळ पगार १४,००० धरला तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी १,६८० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ६७३. विमा आणि बदलता भाग मिळून १,३०० धरा. उरले २५,५१३. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,६८० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात २३,६३३. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचा २,५०० होतो. महिलांना महिन्याच्या २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. आयकराची सुरुवातीला चिंता नको. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते.

पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून राहणं, मेस आणि जाणं-येणं धरून दहा-बारा हजार लागतातच. म्हणजे पहिल्या वर्षी घरी पाठवायला फार तर अकरा-तेरा हजार उरतात. बहिणीचं लग्न, विहीर, ट्रॅक्टरचा हप्ता, जे काय ठरवायचं ते या आकड्यावर ठरवा.

५. एवढी धावपळ करून मिळते काय? खरं सांगा.

पगाराची तारीख मिळते. कास्तकाराच्या घरातून आलेल्यालाच याची किंमत कळते. आपल्याकडे कापूस व्यापाऱ्याला घातला तर चुकारा कधी मिळेल याचा भरवसा नाही. खरेदी केंद्रावर नेला तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला म्हणून गाडी परत येते. पावसानं ताण दिला तर दुबार पेरणी. कंपनीत पाऊस येवो न येवो, महिनाअखेर खात्यात ठरलेली रक्कम पडते. ती लहान असली तरी पुढच्या वर्षीचा विचार करता येतो. धाकट्याची फी भरता येते, सावकाराकडे न जाता खत उचलता येतं. माझ्या घरात या एका गोष्टीनं आईच्या बोलण्यातला धाक गेला.

दुसरा फायदा विम्याचा. बहुतेक मोठ्या कंपन्या गटविमा देतात. त्यात आईवडिलांना घालता येतं का आणि त्यांचा हप्ता कोण भरतं, हे रुजू होतानाच विचारा. अनेक ठिकाणी आईवडिलांचं नाव घालायची मुदत रुजू झाल्यावर थोडेच दिवस असते आणि ती गेली की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. गटविम्यात सहसा आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब पहिल्या दिवसापासून धरतात. नागपूरला अँजिओप्लास्टी करायची वेळ आली की या कागदामुळे वावर गहाण पडायचं वाचतं.

तिसरी गोष्ट, शिकताना पगार मिळतो. इन्फोसिसच्या म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात आपल्याकडची कितीतरी मुलं पहिल्यांदा घरापासून एवढी लांब राहिली आणि तिथून पगार घेऊन, काम शिकून बाहेर पडली. कामाच्या जागी तुमच्या कोडचा निकाल मशीन देते. तुमचं आडनाव, गाव, बापाची ओळख त्यात येत नाही. बढतीत माणसांचे हिशेब असतात (प्रश्न ६), पण लिहिलेलं चालतं की नाही हे कोणाच्या शिफारशीवर ठरत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

६. मग आमचा भाऊ एवढा वैतागलेला का असतो? फोनही उचलत नाही.

त्याचे दिवसाचे तास त्याच्या हातात नाहीत, हे सगळ्यात मोठं कारण. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. ग्राहकाचा दिवस तेव्हा सुरू होतो. तुम्ही जेवणं आटोपून फोन लावता तेव्हा तो मीटिंगमध्ये असतो. सपोर्टच्या कामात आठवडाभर ऑन कॉल, म्हणजे फोन आला की कामाला तयार, राहावं लागतं. रात्री दोनला काही बंद पडलं तर उठायचं, आणि सकाळी पुन्हा हजर.

दुसरं कारण वर्षाच्या मूल्यमापनाचं. काम चांगलं केलं तरी पूर्ण टीमला चांगला शेरा देता येत नाही, काहींना खालच्या रकान्यात टाकावंच लागतं, अशी पद्धत अनेक कंपन्यांत आहे. शेवटी कोणाचं काम साहेबाला दिसलं यावर बरंच ठरतं. आपली मुलं इथं मागे पडतात, कारण केलेलं काम बोलून दाखवायची घरात सवय नसते. दर आठवड्याला काय केलं ते चार ओळींत लिहून मॅनेजरला पाठवा. त्याला चमचेगिरी म्हणत नाहीत.

तिसरं, नव्याचा पगार. मोठ्या सेवा कंपन्यांत सुरुवातीचं पॅकेज दहा-बारा वर्षांपूर्वीही तीन-साडेतीन लाखांच्या आसपास होतं आणि आजही तिथंच घुटमळतंय, खोलीभाडं मात्र कुठल्या कुठं गेलं. याबद्दल चिडणाऱ्या मुलाला कृतघ्न म्हणू नका. त्यात हिंजवडीचा रस्ता. तीन-चार किलोमीटरला तास जातो आणि तो तास कुठेही मोजला जात नाही.

एवढ्या सगळ्यातून आलेल्या माणसाला ‘दिवसभर खुर्चीवरच तर बसतो’ हे वाक्य फार लागतं. काकाजी, ते एवढं टाळा.

७. बेंचवर आहे म्हणते. म्हणजे काढून टाकलं काय?

नाही. पगार चालू आहे, पण कोणत्या प्रोजेक्टवर नाव नाही. नव्या मुलाला दोन-तीन महिने बेंच लागणं नेहमीचं आहे. त्याहून लांबला तर धोका वाढतो. त्या काळात मिळेल ते काम, मिळेल ते गाव स्वीकारावं आणि एखादं प्रमाणपत्र घ्यावं. घरच्यांनी रोज ‘काम मिळालं काय’ विचारू नये.

८. ऑफर लेटर आलं, गावात पेढे वाटले, पण जॉइनिंगची तारीख येत नाही.

ऑफर लेटर हे रुजू करून घेतल्याचं पत्र नव्हे. २०२२ आणि २०२३ मध्ये पास झालेल्या कितीतरी मुलांना महिनोन्महिने थांबावं लागलं, काहींची ऑफर रद्दही झाली. थांबत बसू नका, दुसऱ्या मुलाखती चालू ठेवा. पहिला पगार जमा होईपर्यंत नवं कर्ज काढू नका.

९. एक जण म्हणते दीड लाख दे, आतून लावून देतो.

देऊ नका. कोणतीही खरी कंपनी मुलाखत, प्रशिक्षण, लॅपटॉप किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून पैसे घेत नाही. ईमेलचा पत्ता कंपनीच्या नावाचा आहे की साध्या जीमेलचा, हे आधी बघा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. पैसे घेऊन खोटं अनुभवपत्र देणाऱ्यांपासूनही लांब राहा. पीएफच्या नोंदीवरून ते पडताळणीत पकडलं जातं, आणि मग खरी मिळवलेली नोकरीही जाते.

१०. बॉण्ड आणि नोटीस पिरियडचं काय? सही करावी काय?

वाचून करावी. बॉण्ड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. बॉण्डला कायद्यात काही अर्थ नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. म्हणजे रक्कम आणि मुदत वाजवी असेल तर बॉण्ड टिकू शकतो. मूळ मार्कशीट आणि टीसी मात्र कोणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवा आणि परत घ्या. ज्या छोट्या कंपनीनं मूळ कागद ठेवून घ्यायची अट घातली, तिथं मी कोणाला पाठवत नाही.

नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावर काम करावे लागणारे दिवस, बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ९० दिवसांचा आहे. ‘लगेच या’ म्हणणारी दुसरी कंपनी तीन महिने थांबेल का, हे लेखी घ्या आणि मगच राजीनामा टाका.

११. नागपुरातच, मिहानमध्ये नोकरी मिळाली तर बरं होईल ना?

खर्च आणि घर या दोन्ही दृष्टीनं बरंच. मिहान या नागपूर विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल आहेत, शहरात पर्सिस्टंट आहे. पण नव्या मुलाला गाव निवडता येत नाही. पसंती लिहून घेतात आणि कंपनीच्या गरजेप्रमाणे चेन्नई किंवा हैदराबादही मिळतं. नागपुरात कंपन्या कमी, म्हणून नोकरी बदलायची वेळ आली की पर्यायही कमी. माझा सल्ला असा की पहिली तीन-चार वर्षं पुण्यात काढा, हातात काम घ्या, मग बदली मागा. तेव्हा मागण्याला वजन असतं.

१२. वर्क फ्रॉम होम घेऊन गावातून काम करता येते काय?

करोनाच्या काळात अनेकांनी केलं. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आठवड्यातून तीन ते पाच दिवस ऑफिस सक्तीचं केलं आहे, त्यामुळे आधी स्वतःच्या कंपनीचा नियम बघा. परवानगी असेल तर अडचण विजेची आणि नेटची. गावठाणाच्या फीडरवर घर असेल तर काम जमतं, वावरातल्या घरात कृषी फीडरच्या भरवशावर जमत नाही. इन्व्हर्टर घ्या, राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लॅपटॉप तापून मंद होतो, त्यामुळे कूलर असलेली खोली लागते. कूलरच्या पाण्याच्या झोतात मात्र मशीन ठेवू नका. आणि कंपनीचा लॅपटॉप चौकातल्या दुकानाच्या फुकट वायफायला जोडायचा नाही, त्यावर कारवाई होते.

१३. पेरणीला, पोळ्याला, महालक्ष्म्यांना सुट्टी मिळते काय?

कंपनीच्या यादीत पोळा सहसा नसतो. हक्काच्या रजेतून घ्यावी लागते. वर्षाच्या सुरुवातीलाच पोळा आणि महालक्ष्म्यांच्या तारखा मॅनेजरला सांगून ठेवल्या तर सहसा मिळते. पेरणीची तारीख पाऊस ठरवतो, त्यामुळे तिथं अडचण येते. जूनमध्ये दोन दिवस हातचे राखून ठेवा.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. दिवाळीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसचं आणि आझाद हिंदचं तिकीट त्या सकाळीच काढावं लागतं. खासगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा नियम आहे. तिकिटाचा फोटो ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा.

१४. मुलगा आयटीत लागला. बापाचं पीएम किसान बंद होते काय?

फक्त त्या कारणानं होत नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. सज्ञान मुलानं आयकर भरला म्हणून वडिलांचे ६,००० थांबत नाहीत. वावर मुलाच्या नावावर केलं तर मात्र गणित बदलतं. मागच्या वर्षी आयकर भरलेला खातेदार अपात्र ठरतो, आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन वारसाहक्कानं आली असेल तरच धरतात. राज्याचा नमो शेतकरी हप्ताही पीएम किसानच्याच यादीवर चालतो.

असाच दुसरा प्रश्न येतो तो धाकट्या बहिणीच्या नॉन-क्रिमीलेअरचा. तिथं आईवडिलांची स्थिती बघतात, भावाचा पगार मोजत नाहीत.

१५. वावर माझ्या नावावर आहे. मग दोन नोकऱ्या धरतील काय?

एका वेळी दोन नोकऱ्या कंपन्यांना चालत नाहीत, पण शेती ही दुसरी नोकरी नाही. २०२२ मध्ये विप्रोनं ३०० जणांना काढलं, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम एकाच वेळी करताना सापडले म्हणून. कृषी केंद्राचा परवाना किंवा कंपनीचं संचालकपद तुमच्या नावावर असेल तर मात्र रुजू होताना लेखी कळवा.

१६. मुलीला पुण्याला पाठवायचं, रात्रीची पाळी असते म्हणतात.

काळजी रास्त आहे, पण त्यापायी नोकरी नाकारू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षितता आणि घरापर्यंतची गाडी कंपनीनं द्यायची असते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. लग्न ठरवताना सासरच्यांना हे सांगा. ‘लग्नानंतर नोकरी सोडावीच लागते’ हा समज घेऊन कितीतरी हुशार मुली घरी बसल्या आहेत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

१७. एआय आलं. चार वर्षं शिकून ही नोकरी राहील काय?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या-वरच्या फळीतले जास्त होते. तेव्हा धोका फक्त नव्यांना आहे असं नाही. नुसता ठरलेला कोड टाइप करण्याचं काम कमी होत चाललंय, हे मी रोज बघतो. मशीननं लिहिलेल्यात काय चुकलं ते ओळखणारा माणूस मात्र लागतो, आणि ते ओळखायला पाया पक्का हवा. डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय पास होण्यापुरते वाचू नका. फक्त ‘आयटीत पैसा आहे’ म्हणून कर्ज काढून खासगी कॉलेजात घालणार असाल आणि मुलाला त्यात गोडी नसेल, तर घालू नका.

१८. खूप झालं. सोडून गावी यायचं आहे. काय बघू?

कायम नोकरीत सलग पाच वर्षं होत आली असतील तर ती पूर्ण करा, ग्रॅच्युइटी तेव्हाच लागू होते. पीएफ लगेच काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. नोकरी बदलत असाल तर जुना पीएफ नव्या कंपनीत वर्ग करा, म्हणजे वर्षं जोडली जातात. नोटिशीचे दिवस प्रश्न १० मध्ये आहेत.

राजीनाम्याच्या आधी करायचं काम वेगळंच आहे. प्रश्न ५ मधला गटविमा साधारण शेवटच्या दिवशीच संपतो, आणि वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईवडिलांची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, किंवा गटविमा त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का हे एचआरला लेखी विचारा. उत्तर हातात आल्यावरच राजीनाम्याचा मेल पाठवा.